दुपारच्या जोडांतले ठिपके

६ जानेवारी

अगं,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. घरात फोन असताना हा माणूस कागदावर कसा काय उतरला, असं तुला वाटेल. तर आपलं फोनवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, "जेवलात?" मी म्हणतो, "हो." मी नातीचं विचारतो, "चिमणी काय करतेय?" तू म्हणतेस, "झोपलीय." मग दोघंही थोडा वेळ फोन नुसता धरून बसतो आणि शेवटी मी म्हणतो, "ठेवू का?" परवा फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की दूधवाल्याशी माझं याहून जास्त बोलणं होतं. म्हटलं, लिहून बघू.

इकडे सगळं छान आहे. तुझ्या मोठ्या कुंडीत चांगली पालवी फुटली आहे. नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलला. जेवणाची काळजी करू नकोस. अंडी उकडायला मला आता उत्तम जमतात.

कामाचं सांगायचं तर आमच्या शेडची नवी मांडणी झाली. माझा फिटर तुला आठवत असेल, ज्याला तू 'रेडिओ' नाव ठेवलं होतंस. तो मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाला. इतकी वर्षं तो पत्रे धरायचा, मी जोडायचो, आणि त्याच्या तोंडाने बातम्या, गाणी, शेजाऱ्यांच्या चहाड्या असं सगळं अखंड चालू असायचं. मी वैतागून म्हणायचो, "अरे, तुझं बटण कुठंय?" आता त्याच्या जागी एक यंत्र आलं आहे. ते पत्रे धरतं, बोलत नाही. मला शेडच्या मागच्या कोपऱ्यात जागा दिली आहे. तिथे मी, टाकी आणि गॅसचं सिलिंडर. शांत जागा आहे. मला शांतता आवडते हे तुला माहीतच आहे.

कोपऱ्यात एक लहान लोखंडी दार आहे. ते मागच्या गल्लीत उघडतं. समोर शिंप्याचं दुकान आहे. म्हणजे असावं, कारण मधे पत्र्याचा आडोसा आहे, दिसत काही नाही. पण ऐकू सगळं येतं. शिंपी आणि त्याची बायको. दुपारची जेवणं झाली की दोघांचं सुरू होतं. काल त्याची कात्री हरवली होती.

"माझी कात्री कुठे ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू तुमची कात्री?"

"मग काय पाय फुटले तिला?"

"तुमच्याजवळ राहून कुणालाही फुटतील."

मशीन सुरू झालं. मग ती म्हणाली, "उठा जरा." तो उठला असणार. कात्री त्याच्याच बुडाखाली होती. तर म्हणतो कसा, "तूच ठेवलीस!" मी एकटाच हसलो. वेल्डिंगच्या हेल्मेटमध्ये हसलेलं कुणाला दिसत नाही, ते एक बरं.

लेकीला आणि जावईबापूंना आठवण सांग. उत्तराची घाई नाही.

मी


१९ जानेवारी

अगं,

तुझं पत्र आलं नाही. ते ठीकच आहे, चिमणीच्या मागे तुला सवड कुठली. लेक फोनवर म्हणाली, "आईने पत्र दोनदा वाचलं, कात्रीपाशी हसली." मला तेवढं पुरलं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. माझ्या जोडांत भोकं निघत आहेत.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दोन पत्रे कडेला कड लावून ठेवायचे आणि त्या कडा वितळवायच्या, म्हणजे थिजल्यावर दोन्हींचा एकच पत्रा होतो. पण वितळलेला धातू फार अधाशी असतो. हवा लागली की तो ती पिऊन घेतो. थिजताना त्याला ती पुन्हा बाहेर टाकायची असते, पण तोवर वर साय धरलेली असते. मग हवेचे बुडबुडे आतच अडकतात. त्यांचीच भोकं होतात, टाचणीच्या टोकाएवढी. असं होऊ नये म्हणून माझ्या हातातल्या टॉर्चमधून, म्हणजे जोडायच्या नळीतून, गॅस येत राहतो. तो वितळलेल्या थेंबावर पांघरुणासारखा पसरतो आणि हवेला जवळ येऊ देत नाही. सगळी कला त्या पांघरुणाची आहे.

आम्ही सध्या दुधाच्या टाक्या करतो. टाचणीएवढ्या भोकाने काय बिघडतं, असं तू म्हणशील. त्या भोकात दुधाचा एक थेंब जाऊन बसतो. टाकी कितीही धुतली तरी तो निघत नाही. तिथेच नासतो आणि दुसऱ्या दिवशीची सगळी टाकी नासवतो.

हे तपासायला एक नवी मुलगी आली आहे. आपल्या लेकीपेक्षा लहान. जोडावर लाल रंग लावते, पुसते आणि वरून पांढरा फवारा मारते. जिथे भोक असेल तिथे आत राहिलेला लाल रंग वर येतो, पांढऱ्यावर ठिपका उमटतो. कारखान्यात सगळे तिला 'ठिपकेवाली' म्हणतात. माझ्या टाकीवर तिने फवारा मारला आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. एक ठिपका आला. मग शेजारी दुसरा. मग गोवर उठल्यासारखे भराभर.

"काका," ती म्हणाली, "हे तुमचं काम आहे?"

तिने ते वाईट अर्थाने विचारलं नव्हतं. तिला खरंच पटत नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी जोड मारतोय." ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं."

सिलिंडर बदलून घेतलं. जोडात भरायची तार बदलली. गॅस कमी पडत असेल म्हणून मी तो वाढवला. ठिपके वाढले. अजून वाढवला, तर अजून वाढले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आता खरं काय ते सांगतो. मार्चअखेर माझं निवृत्तीचं वय पूर्ण होतं. पुढे दोन वर्षं कंत्राटावर ठेवू, असं साहेब कबूल झाले होते. काल त्यांनी बोलावून सांगितलं, की फेब्रुवारीतली टाकी ठिपक्याशिवाय निघाली पाहिजे. नाही निघाली तर टॉर्च ठेवायचा, मार्चपर्यंत पत्रे घासायचे आणि मग घरी. साहेब नीट बोलले. नीट बोललेलं जास्त लागतं.

घरी बसायला माझी ना नाही. घर बसायला चांगलं आहे. पण बसून बसून माणूस किती बसणार?

असो. शिंपिणीचा भाऊ येणार आहे. आज दुपारी तेच चाललं होतं.

"किती दिवस राहणार तो?"

"यायच्या आधीच घालवा त्याला."

"घालवतोय कुठे? विचारतोय. उशी शिवावी लागेल, त्याला दोन लागतात."

"तुम्हाला बरं लक्षात आहे!"

"गेल्या वेळी माझी गेली होती."

मला वाटतं, माणूस वाईट नाही.

मी


१ फेब्रुवारी

अगं,

लेकीमार्फत तुझा प्रश्न मिळाला. हो, लहान कुंडीतलं रोप वाळलं. तुला कसं कळलं?

ठिपकेवालीने माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. म्हणजे ती म्हणाली, "परीक्षा तुमची नाही काका, जोडाची. आपण पत्र्याच्या लहान पट्ट्या जोडून बघू. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तेच." मला वाटलं, कॉलेजातलं खूळ आहे. मी माझ्या पद्धतीने बघतो तेव्हा गॅस, तार, करंट सगळं एकदम बदलतो, आणि बरं झालं तर बरं. ती म्हणाली, "मग बरं कशाने झालं ते कळत नाही आणि वाईट कशाने झालं तेही कळत नाही." मी पट्ट्या कापायला घेतल्या.

तर आम्ही बसलो. आधी कड तेलकट ठेवून पट्टी केली. ठिपके आले, पण काळपट आणि इकडे तिकडे विखुरलेले, माझ्या टाकीवरच्यासारखे नाहीत. मग कड पुसून टॉर्च लांब धरून केली. थोडे आले. मग गॅस कमी ठेवून. मग तो वाढवून. इथे मात्र मी चक्रावलो. गॅस जास्त सोडला की पांघरूण जाड होतं, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. ती म्हणाली, "नळ जोरात सोडला की बादलीत फेस होतो ना? जोराने आलेला गॅस तसाच घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढून घेतो." म्हणजे पांघरूण वाढवायच्या नादात मीच ते फाडत होतो.

पण तेवढ्याने भागेना. गॅस पुन्हा जागेवर आणला तरी माझ्या टाकीवर ठिपके यायचेच. मग तिने गॅस जागेवर आणल्यापासूनचे माझे सगळे जोड बघितले आणि म्हणाली, "काका, सकाळचे जोड स्वच्छ आहेत. ठिपके फक्त दुपारच्या जोडांत आहेत. दुपारी काय बदलतं?"

मी म्हटलं, "दुपारी मी जेवलेला असतो."

"जेवायला काय असतं?"

"अंडी."

"अंड्यांनी भोकं पडत नाहीत."

मग ती दुपारभर माझ्या शेजारी उभी राहिली. मी टॉर्च पेटवायच्या आधी नेहमीप्रमाणे उठलो, मागचं दार उघडलं आणि येऊन बसलो. तिने एक पातळ कागदाची पट्टी फाडली आणि जोडाजवळ धरली. पट्टी सरळ लोंबायला हवी होती. ती तिरकी झाली आणि थरथरायला लागली. शेडच्या दुसऱ्या टोकाला धूर ओढणारा मोठा पंखा आहे. मी दार उघडलं की तो गल्लीतली हवा इथून ओढतो, नेमकी माझ्या जोडावरून.

"वारा आहे काका."

"एवढासा? मी उघड्यावर, नदीच्या पुलावर जोड मारलेत."

"कशाने मारलेत? कांडीने. कांडीला स्वतःचं आवरण असतं, ते वितळून वर साचतं. इथे नुसता गॅस आहे. फुंकर मारली तरी जातो."

हे तर मला माहीत होतं. शिकाऊ पोरांना मी स्वतः सांगत आलो आहे, की दार-खिडकी बंद, पंखा बंद. इतकं माहीत होतं, की माझ्याच पाठीमागे ते असेल असं मनातही आलं नाही.

मग तिने विचारलं, "दुपारी दार का उघडता?"

मी म्हटलं, "उकडतं."

ती म्हणाली, "काका, मी दोन स्वेटर घालून उभी आहे."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अहो, हे बटण कुठल्या अंगाला लावलंत? हा सदरा काय पाठमोऱ्या माणसाचा आहे?" आणि मला हसू आलं. ठिपकेवालीने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं," आणि कागदावर नुसतं लिहिलं, 'दार'. का ते लिहिलं नाही. शिकलेली असली तरी पोर समजूतदार आहे.

तुला आता सगळं कळलंच असेल. लिहीत नाही.

मी


१७ फेब्रुवारी

अगं,

टाकी निघाली. एक ठिपका नाही. ठिपकेवालीने फवारा मारला आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. पांढरं ते पांढरंच राहिलं, भिंतीला चुना लावल्यासारखं. साहेब येऊन बघून गेले. पाठीवर थाप मारली. म्हणाले, "ते दार कायमचं बंदच करून टाका. तुम्हीच मारा दोन टाके." कारखान्याला पुढे दोन मोठे दरवाजे आहेत, त्यामुळे ह्या दाराचं कुणाला काही नाही. मी टॉर्च घेतला आणि दार चौकटीला जोडून टाकलं. टाके छान पडले. पडणारच, वारा नव्हता.

तेव्हापासून माझे जोड शाळेत दाखवावेत असे निघत आहेत. सकाळी बसतो, संध्याकाळी उठतो. मधे माझा स्वतःचा श्वास हेल्मेटमध्ये ऐकू येतो. गॅस हलकीशी शीळ घालतो. संध्याकाळी घरी येतो. तिथे हा गॅस नसतो, त्यामुळे शीळही नसते.

तू निघताना बॅग भरत होतीस. मी विचारलं होतं, "बाळंतपण उरकलं की येशील ना?" तू म्हणालीस, "बघू. भिंतींशीच बोलायचं तर तिथल्या भिंती नव्या तरी आहेत." मी त्यावर काय म्हणालो ते मला आठवत नाही. काही म्हणालो नसेन. चिमणी आता चालायला लागली आहे.

परवा सुट्टी होती. फिरत फिरत मागच्या गल्लीत गेलो. फिरत फिरत म्हणजे मुद्दाम गेलो. मला वाटलं होतं, जोडपं चाळिशीचं असेल. आवाज तसे ठणठणीत आहेत. तर दोघंही सत्तरीच्या पुढची. तो मशीनवर, एवढासा. ती पाटावर बसून काज करत होती, डोळ्यांशी कापड धरून. मी पँट आखूड करायला नेली होती. ती आखूडच आहे, पण दुसरं काही निमित्त सुचलं नाही.

शिंपी म्हणाला, "ही अजून आखूड करायची? नदीत उतरायचंय का?"

मग मी सांगून टाकलं, की मी पलीकडच्या कारखान्यात असतो आणि तुमचं बोलणं मला ऐकू यायचं.

"अगं बाई!" म्हातारी म्हणाली. "सगळं?"

"कात्रीचं ऐकलं. उशीचं पण."

"तरी सांगत होतो, हळू बोल," तो म्हणाला.

"हळू बोलते तेव्हा तुम्हाला ऐकू येतं का?"

"म्हणजे दोष पुन्हा माझ्याच कानाचा!"

मी हसलो, तशी तिने मला नीट बघून घेतलं. "आमची भांडणं ऐकायला दार उघडं ठेवत होता होय? घरी भांडायला कुणी नाही?"

"लेकीकडे गेली आहे."

"कधी यायचीय?"

"विचारलं नाही."

"का बरं?"

मी पँटीची घडी घालत बसलो. तीच घडी पुन्हा घातली.

"विचारा की मग," ती म्हणाली. "का तेही आम्हीच भांडून दाखवायचं?"

शिंपी म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक आहे ते. भांडू नकोस त्याच्याशी." पँट तशीच परत दिली. चहा पाजला. चहात साखर नव्हती, त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली, आणि मी बराच वेळ तिथे बसलो.

मी


५ मार्च

अगं,

आज साहेबांनी कंत्राटाचे कागद पुढे ठेवले. दोन वर्षं, तोच कोपरा, तेच काम. "सही करा, विषय संपला," ते म्हणाले. जानेवारीत ह्याच कागदासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. पेन हातात घेतलं आणि माझ्या तोंडून निघालं, "घरी विचारून सांगतो."

साहेब वाईट माणूस नाही. सहज म्हणाले, "घरी कोण आहे हो तुमच्या?"

मी म्हटलं, "आहे."

"बरं. शनिवारपर्यंत विचारा."

जिना उतरताना माझं मलाच नवल वाटत होतं. घरी विचारून सांगतो, हे वाक्य मी आजवर कुणालाही बोललेलो नाही. ही नोकरी धरली ते तुला कळलं, ते मी सामान बांधायला लागल्यावर. घर घेतलं तेव्हा मी तुझ्या हातात थेट किल्ली ठेवली. तू म्हणालीस, "स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?" तेव्हा मी बघायला गेलो, की आहे का. होती, पण ते नशीब.

तर विचारतो. सही करू का?

केली तर काय होईल ते मला माहीत आहे. पगार चांगला, जोड चांगले, दोन वर्षं निघून जातील. ती जाताना फारसा आवाज करणार नाहीत.

नको म्हणालीस तर मी तिकडे येईन म्हणतो. तू ये, असं मी म्हणत नाही. तुझं तिकडे जमलंय. चिमणी आहे, लेक आहे, संध्याकाळी इमारतीतल्या बायका खाली जमतात म्हणे. लेक सांगत होती, की तू आता खूप बोलतेस, शेजारपाजारचं सगळं तुलाच ठाऊक असतं. ऐकून मला जरा वाईट वाटलं. म्हणजे आनंदच झाला, पण वाईट वाटलं.

मी आलो तर तुझी अडचण होईल का, ते खरं सांग. होणार असेल तर मी सही करतो आणि मला राग येणार नाही. थोडा येईल. पण तो मी इथे ठेवीन, तिकडे पाठवणार नाही.

तिकडे काम मिळेल न मिळेल. मिळालं तर दार-खिडक्या, जिन्याचे कठडे, असली बारीक कामं करीन. नाही मिळालं तर चिमणीला फिरवीन. तिचा स्वभाव कुणावर गेलाय? माझ्यावर गेला असेल तर आम्ही दोघं नुसते चालत राहू.

हे पत्र शनिवारच्या आत पोचणार नाही, हे मला लिहिता लिहिता आत्ता कळलं. साहेबांकडून चार दिवस जास्त मागून घेतो. तू घाई करू नकोस. पण उत्तर दे. ह्या वेळी उत्तराची घाई नाही, असं मी लिहिणार नाही.

मी


१४ मार्च

अगं,

काल तू फोन केलास तेव्हा मी हातात भांडं धरून उभा होतो. बोलणं संपल्यावर बघतो तर पाणी सगळं फरशीवर. आपण किती वेळ बोललो मला माहीत नाही. तू बोललीस, मी ऐकलं, पण मधे मधे मीही बोललो, हे तुला मान्य करावं लागेल.

तू काय म्हणालीस ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी बदलायला नको. तू म्हणालीस, "एवढं सगळं कागदावर येतं, तर तोंडात का येत नाही?"

मी म्हटलं, "तोंडापुढे तू असतेस."

तू हसलीस. मग म्हणालीस, "सही करा असं मी सांगणार नाही, करू नका असंही सांगणार नाही. नंतर माझ्या नावाने खडे फोडाल. पण इथे येणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. जेवताना बोलायचं. ताटात डोकं घालून जेवायचं नाही."

"काय बोलू?"

"ते पण मीच सांगू? काहीतरी बोला. त्या शिंप्याचं सांगा."

"बरं."

"बघा. बरं! सुरुवातच अशी."

मग तू फोन लेकीकडे दिलास, लेकीने चिमणीकडे, आणि चिमणीने तो खाली टाकला.

आज सकाळी साहेबांना सांगितलं, की सही करत नाही. त्यांना पटलं नाही. "अहो, जोड इतके सुरेख निघायला लागलेत आणि आत्ता जाताय?" मी म्हटलं, घरी तसं ठरलं. घरी ठरलं, हे म्हणताना मला फार बरं वाटलं. उगाच दोनदा म्हणालो.

ठिपकेवालीने दार उघडं असताना मी जोडलेली एक पट्टी ठेवून घेतली आहे, ठिपक्यांनी भरलेली. नव्या लोकांना दाखवायला. विचारत होती, "तुमचं नाव टाकू का खाली?" म्हटलं, टाका. मग म्हणाली, "कारण काय लिहू?" म्हटलं, "वारा लिहा." तिने 'वारा' लिहिलं आणि माझा हात हातात घेतला. लेकीसारखीच वाटली.

घराची व्यवस्था करून एक तारखेला निघतो. सामान फार आणत नाही. हेल्मेट आणतो, बाकी कपडे. शिंप्याने चिमणीसाठी झबलं शिवून दिलं आहे. माप विचारलं तर मला सांगता येईना. मी हाताने दाखवलं, एवढी असेल. म्हातारी म्हणाली, "एवढी तर जन्मली तेव्हा असेल," आणि तिने ते मोठं करून घेतलं. तो म्हणाला, फार मोठं होईल. ती म्हणाली, वाढेल त्यात. मी निघालो तेव्हा वाद चालूच होता.

गाडी सकाळी पोचते. न्यायला कुणी येऊ नका, मी विचारत विचारत येईन.

पहिल्या दिवशी जेवताना काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवसाचं अजून काही सुचलेलं नाही. प्रवास लांबचा आहे, बघतो.

मी